गारठलेला उंदीर काय सांगणार?

प्रयोगशाळांत उंदरांच्या पिंजऱ्यांची खोली साधारण 22 अंश सेल्सिअसला ठेवतात. एप्रन, मोजे, मास्क घालून वावरणाऱ्या माणसाला ते मानवतं. उंदराला मात्र 30 अंशांच्या आसपासची ऊब हवी असते. ती नसली की अंग गरम राखण्यातच त्याची बरीच शक्ती खर्ची पडते.

अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी याचा परिणाम तपासला आणि निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध केले. उबेत ठेवलेल्या उंदरांच्या गाठी सावकाश वाढल्या, फैलावही कमी झाला. कर्करोगाशी झुंजणाऱ्या टी-पेशींचा जोर त्यांच्यात अधिक होता. त्या पेशीच नसलेल्या उंदरांत असा फायदा दिसला नाही. जागा निवडायची मुभा मिळाल्यावर गाठ असलेले उंदीर तर आणखी उबदार कप्प्याकडे गेले.

थोडक्यात, प्राण्याची आबाळ प्रयोगाच्या निकालातही उतरते.

वेदनेकडेही असंच बारकाईनं पाहता येतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी 2010 साली उंदराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजण्याची पट्टी मांडली. डोळे आक्रसतात, नाक आणि गाल फुगीर दिसतात, कानांची आणि मिशांची ठेवण बदलते. पिंजऱ्यापाशी रोज उभ्या राहणाऱ्याला हे वाचता आलं, तर वेदनाशामक वेळेवर देता येतं.

हे प्रयोग सरसकट बंद करा, असं म्हणणं सोपं नाही. सदाफुलीपासून मिळणारं व्हिंक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिलं जातं. त्याची वाट उंदरांवरच्या प्रयोगांतूनच गेली. म्हणूनच रसेल आणि बर्च यांनी 1959 साली सांगितलेली त्रिसूत्री टिकून आहे: पर्याय असेल तिथे प्राणी नको, लागतील तितकेच वापरा, यातना कमीत कमी ठेवा. भारतातही 1960 च्या कायद्यानं प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली. प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या समितीत पशुवैद्य लागतो, विज्ञानाबाहेरची सामाजिक भान असलेली व्यक्तीही लागते.

विज्ञान आणि दया एकाच दिशेनं जातात तेव्हा निर्णय सोपा असतो. खरी कसोटी प्रयोग कधी थांबवायचा, इथे लागते. गाठ किती वाढू द्यायची, वजन किती घटलं की पुरे म्हणायचं? ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या कर्करोग संशोधनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ही मर्यादा आधीच ठरवावी, प्राण्याच्या मरणाची वाट पाहू नये. लवकर थांबल्यानं काही नोंदी हुकतील. ती किंमत मोजायलाच हवी, कारण हा आजार त्या जिवाला माणसानं दिलेला आहे आणि त्याची संमती कुणी घेतलेली नाही.

मग शोधनिबंधात औषधाच्या मात्रेइतक्याच ठळकपणे पिंजऱ्याचं तापमान, घरट्यासाठी दिलेलं साहित्य आणि कोणत्या लक्षणावर प्राण्याला वेदनारहित मरण दिलं, हेही छापून यावं. समितीनं मंजुरीच्या वेळीच ते विचारावं आणि उत्तर नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.