एकत्र कुटुंबाची सहावी अट

मराठवाड्यात सध्या एक विधान फार ठामपणे केले जाते. वधू-वर मेळाव्यात, व्याख्यानमालेत, वास्तुशांतीच्या पंगतीत ते कानावर पडते. यंदा हिंगोलीतल्या एका व्याख्यानात मी ते पुन्हा ऐकले. वक्ते नावाजलेले होते, सभागृह भरलेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कुटुंबसंस्था मोडली आहे आणि ती मुलींनी मोडली आहे. मुलीला नोकरीवाला मुलगा हवा, शहरात घर हवे, सासू-सासरे मात्र नकोत. म्हणून पोरांची लग्ने खोळंबली, म्हणून एकेका घरात तीनच माणसे उरली, म्हणून म्हातारी माणसे गावाकडे एकटी पडली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अशा आयाही होत्या, ज्यांनी आपल्या लेकीचे स्थळ पाहताना नेमक्या याच अटी घातल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्या अटी त्यांना का घालाव्या लागतात, हाच या लेखाचा विषय आहे.

या विधानामागचे दुःख खोटे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. कोरडवाहू शेती करणाऱ्या पोराच्या घरी स्थळ येत नाही, हे हिंगोली, सेनगाव, कळमनुरी या भागात कोणालाही विचारा. पण दुःख खरे असले म्हणून त्याचे निदान खरे ठरत नाही. वक्त्यांच्या विधानात दोन दावे एकात एक अडकले आहेत. कुटुंब मोडले, हा पहिला. मुलींनी मोडले, हा दुसरा. ते वेगळे करून तपासले पाहिजेत.

कुटुंब मोडले हे कशावरून ठरवायचे? बहुतेक लोक चुली मोजतात. जनगणनाही तेच करते : जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक घर. भाऊ वेगळे निघाले, रेशनकार्ड विभक्त झाले की सरकारी कागदावर दोन घरे होतात आणि वक्त्यांच्या लेखी एक घर मोडते.

चुलीला एवढे वजन आपल्या विचारात आले, त्यात इरावती कर्व्यांचा वाटा मोठा आहे. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्या आजही समाजशास्त्राच्या वर्गात पाठ करून घेतली जाते. तिच्यात पाच गोष्टी आहेत : एक छप्पर, एका चुलीवर शिजलेले अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि विशिष्ट प्रकारचे रक्ताचे व लग्नाचे नाते. इरावतीबाईंना मी फार मानतो. मराठीत समाजाकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहणारे लेखक मोजकेच झाले. त्यांनी देशाचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले आणि महाराष्ट्र उत्तर व दक्षिणेच्या मधला प्रदेश आहे हे दाखवले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरात जाते. दक्षिणेत ती पुष्कळदा मामाच्या किंवा आत्याच्या घरात जाते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातींत आहे, आत्याची मुलगी मात्र सहसा करत नाहीत. सासर-माहेर या गोष्टी बाईच्या आयुष्याला कसे वळण लावतात, हे ओव्यांपासून महाभारतापर्यंत त्यांनी शोधले. सून घरात शिरते तेव्हा तिला काय वाटते, हा प्रश्न शास्त्राच्या पुस्तकात विचारता येतो, हे आम्हाला त्यांनी शिकवले.

त्यांच्या पाच अटींना पहिला मोठा धक्का दिला तो आय. पी. देसाई यांनी. सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहरातल्या कुटुंबांचा त्यांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. ते म्हणाले, छप्पर आणि चूल सोडा, माणसे एकमेकांशी कशी वागतात ते पाहा. वेगळ्या घरांत राहणारे भाऊ मालमत्तेने, पैशाने, जबाबदारीने बांधलेले असतील, तर त्यांना विभक्त का म्हणायचे? एकत्रपणाच्या पायऱ्या असतात. पुढे ए. एम. शहा यांनी १९७३ च्या ग्रंथात घर आणि कुटुंब यांची फारकत आणखी पक्की केली. त्यांनी गुजरातमधल्या एका खेड्याची १८२५ सालची घरगणना शोधून काढली आणि दाखवले की दोनशे वर्षांपूर्वीही लहान घरेच पुष्कळ होती. पूर्वी सगळे वीस-वीस माणसांच्या वाड्यात राहत होते, ही आपली आठवण प्रामुख्याने जमीनदार, सावकार आणि पुरोहितांच्या घरांची आहे. सालगड्याचे, विणकराचे, मजुराचे घर तेव्हाही लहानच होते.

हिंगोली शहराला तर हे सांगायलाच नको. निजामाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे त्या छावणीतून आली. मूळ गाव सोडून चाकरीसाठी आलेल्या माणसांनी हे शहर वसवले आणि घरापासून दूर बिऱ्हाड थाटणे इथे तेव्हापासून चालत आले आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि कचेऱ्या आल्या, बँका आल्या. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक, कारकून, हळदीचे अडते, कृषी केंद्रवाले शहरात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधू लागले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती.

या नव्या वसाहतींतले कुठलेही घर आतून पाहावे. कागदावर नवरा-बायको आणि दोन मुले. पण मागच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे रचलेले असतात, कारण भाव वाढेपर्यंत गावच्या भावाचा माल इथे ठेवला आहे. बहिणीचा मुलगा क्लाससाठी वर्षभर राहायला आहे. मृगाचा पाऊस पडला की बी-बियाण्याचे पैसे या घरातून गावाकडे जातात, आणि हळदीची पट्टी झाली की गावाकडून हिशेब येतो. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन नांदेडला, तिथला मुक्काम धाकट्याकडे, खर्च तिघांत. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर. देसाई म्हणाले ते इथे जसेच्या तसे दिसते.

आणि भाद्रपदात तर काही सिद्ध करायची गरजच राहत नाही. आमच्याकडे ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. बऱ्याच घरांत भाऊ वेगळे झाले, भांडीकुंडी वाटली, तरी महालक्ष्म्या वाटत नाहीत. मुखवटे थोरल्याकडे राहतात आणि सगळे तिथे जमतात. पुण्याहून, संभाजीनगरहून, हैदराबादहून गाड्या येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजा आणि महानैवेद्य, तिसऱ्या दिवशी विसर्जन. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कढी, कोशिंबिरी, वर टांगलेला फुलोरा. जे कुटुंब मोडले म्हणून सांगितले गेले, ते त्या तीन दिवसांत पंगतीला चाळीस पाने मांडते. इरावतीबाईंच्या पाचांपैकी छप्पर आणि चूल गेली असेल. मालमत्ता, देव आणि नाते शाबूत आहे. पहिला दावा इथे पडतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख कुटुंबाच्या गुणगानाचा झाला असता. पण त्याच महालक्ष्म्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या बाजूने गेलो, की चित्र बदलते. आदल्या रात्री अकरा वाजता तिथे पुरणाची डाळ निवडणे चालू असते. पहाटे चारला न्हाऊन सोवळ्याने गॅस पेटतो. सोळा भाज्या म्हणजे सोळा वेळा निवडणे, चिरणे, फोडणी. नैवेद्य झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाही, असे अनेक घरांत असते. थोरली जाऊ पुरण वाटते, धाकटी लाटते, पुण्याहून आलेली नोकरदार सून रजा टाकून आलेली, तिच्याकडे भांडी. बाहेर पुरुष मंडळी मखराची माळ लावतात आणि पानावर बसतात. शेवटच्या पंगतीला बायका बसतात तेव्हा चार वाजून गेलेले असतात. कुटुंब टिकले आहे यात शंका नाही. ते कोणाच्या कंबरेवर टिकले आहे, तेही तिथेच दिसते.

सणाचे सोडा, नळाचा दिवस घ्या. आमच्या शहरांत पाणी रोज येत नाही. पाळीच्या दिवशी घराचे सगळे वेळापत्रक नळाभोवती फिरते. मोटर लावा, टिपाड धुवा, हौद भरा, पिण्याचे पाणी गाळून वेगळे करा, त्याच तासात धुणे उरका. पाणी रात्री येवो की पहाटे, जागी राहणारी घरातली बाईच असते. नवऱ्याला सकाळी ड्युटी असते, मुलाची परीक्षा असते, आणि तिची नोकरी असली तरी ती जागते.

हे माझे निरीक्षण म्हणून कोणी बाजूला सारू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. सर्वेक्षणाच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस, बायका एक्याऐंशी. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटे २८९ झाली, पुरुषांची ८८. पाच वर्षांत मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅस सगळे वाढले असेल. बायकांचे काम दहा मिनिटांनी हलके झाले आणि पुरुषांनीही आपले नऊ मिनिटांनी कमी केले. अंतर होते तिथेच राहिले.

इथे मला इरावतीबाईंशी भांडावेसे वाटते. त्यांच्या व्याख्येत एका चुलीवर शिजलेले अन्न आहे, पण ते कोणी शिजवले याला जागा नाही. देसाईंनी चूल काढून टाकली, पैसा आणि जबाबदारी आणली, तरी घरकाम बाहेरच राहिले. पाच अटींना सहावी जोडली पाहिजे : घरातले काम सामाईक आहे का? मालमत्ता सामाईक, देव सामाईक आणि राबणे मात्र एकीचे, अशा घराला एकत्र म्हणणे अर्धवट आहे.

आणि ही मागणी नवी नाही, आमच्याच मातीतली आहे. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान. नामदेवांचे घर हे मराठीतले असे एक विलक्षण घर, ज्यातल्या बायकांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचले. आई गोणाई, बायको राजाई आणि जनाबाई यांच्या नावावरचे अभंग गाथेत आहेत. गोणाई आणि राजाई तक्रार करतात : हा विठ्ठलाच्या नादी लागला, संसाराकडे पाहत नाही, घरात दाणा नाही. सातशे वर्षे आपण नामदेवांची भक्ती गायली आणि या दोघींची तक्रार भक्तीची पार्श्वभूमी म्हणून ऐकली. मला ती हिशेबाची मागणी वाटते. गंगाखेडची जनाबाई त्याच घरात दळण-कांडण करणारी. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन दळू लागतो, झाडू लागतो, शेणी वेचू लागतो. देव कसा असावा, याची त्या बाईची कल्पना अशी होती की तो कामाला हात लावील. त्या घरातला कोणी पुरुष जात्याला बसल्याचे ती सांगत नाही.

सहावी अट पाळली नाही की तिसरीही खोटी पडते. सामाईक मालमत्तेत लेकीचा वाटा कायद्याने आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती केली, केंद्राने २००५ साली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही मिटवल्या : मुलीचा हक्क जन्मतःच आहे. तरी तहसीलच्या आवारात हक्कसोड पत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी दिसतातच. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती त्यांना कोणी बोलून दाखवावी लागत नाही. ज्या सासरी राबायचे तिथले घर नवऱ्याच्या नावावर, ज्या माहेरी जन्मली तिथल्या जमिनीवरून नाव कमी. एकत्र कुटुंब दोन्हीकडून तिचे घेते आणि सातबाऱ्यावर तिला कुठेच ठेवत नाही.

आता वक्त्यांच्या दुसऱ्या दाव्याकडे. मुलींना सासू-सासरे नकोत, हे त्यांचे निदान. मुली काय नाकारतात ते नीट ऐकले, तर त्या पहाटेचा चारचा गॅस नाकारतात, नळाचे जागरण नाकारतात, शेवटची पंगत नाकारतात. आपल्या आईचे आयुष्य त्यांनी जवळून पाहिले आहे. ज्या घरात सासऱ्याने स्वतःचे ताट उचलले, दिराने भाजी चिरली, तिथे सासू-सासऱ्यांसकट आनंदाने राहणाऱ्या सुना हिंगोलीतही आहेत. मुलींनी कुटुंब मोडलेले नाही, त्यांनी त्याची मजुरी मागितली आहे.

म्हणून लग्न न जमणाऱ्या पोराच्या बापाला माझे कळकळीचे सांगणे आहे. वक्त्याच्या टाळीने स्थळ येणार नाही. पोराला भाकरी थापायला शिकवा आणि ती त्याला रोज थापू द्या. यंदाच्या भाद्रपदात सोळापैकी आठ भाज्या घरातल्या पुरुषांनी करायच्या असे ठरवा. बहिणीला हक्कसोडीसाठी बोलावू नका, तिचे नाव सातबाऱ्यावर लावून मग तिला माहेरपणाला बोलवा. येणाऱ्या सुनेच्या नावावर घराचा अर्धा भाग पहिल्या वर्षातच करा. एवढे करणाऱ्या घराला कुटुंबसंस्थेच्या बचावासाठी व्याख्यान ठेवावे लागणार नाही, आणि जे घर हे करायला तयार नाही, ते एका चुलीवर जेवत असले तरी त्याला एकत्र म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.