रजोदर्शन आणि कप

पाळीचे रक्त शरीरातच धरून ठेवणाऱ्या कपाचे पेटंट अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांना १९३७ मध्ये मिळाले. तो रबराचा होता, आजचे बहुधा वैद्यकीय सिलिकॉनचे असतात. दोन कपांची तुलना करताना कड किती ताठ, दांडी किती लांब आणि गर्भाशयमुख किती उंचीवर, एवढेच पाहिले जाते; परंतु ही वस्तू विटाळाच्या, म्हणजे स्पर्शाने पसरणाऱ्या अशुद्धीच्या, कल्पनेलाच अडचणीत आणते. धर्मशास्त्रात पाळी येण्याला रजोदर्शन, अर्थात रजाचे ‘दिसणे’, असा शब्द आहे. मग जे रक्त कप रिकामा करेपर्यंत, कधी बारा तासही, दिसतच नाही, त्याचा विटाळ नेमका कोणत्या क्षणी धरायचा, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तैत्तिरीय संहितेतील कथेत इंद्राच्या ब्रह्महत्येच्या पातकाचा तिसरा हिस्सा स्त्रियांनी स्वीकारला आणि तोच पाळीच्या रूपाने प्रकटला, असे सांगितले आहे. ऋषिपंचमीचे व्रतही पाळीत कळत-नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या क्षालनासाठीच सांगितलेले आहे. उलट चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात, देहाची उत्पत्तीच विटाळातून होत असेल तर त्यातून सुटला कोण, असा पेच अभंगातून टाकला. (रेषा आखलेल्या कपात तोच विटाळ मिलिलिटरमध्ये मोजता येतो, याची त्यांना गंमत वाटली असती.) कप काही मिनिटे उकळला की पुन्हा वापरता येतो, मात्र पाळीत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू न देणाऱ्या घरांत त्यासाठी शेगडीच मिळत नाही.