स्वेच्छेचा वनवास

ज्या गृहस्थाच्या घरी पंखा आहे, गादी आहे, नळाला पाणी आहे, त्याने दोन दिवसांची सुटी काढून बायकामुलांसह रानात जावे, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवावा, कापडी तंबूत जमिनीवर अंग टाकावे आणि या सर्वांत सुख मानावे, हे कशाचे लक्षण समजावयाचे? आपल्या भागातील तरुण कुटुंबांत अशा सहलींची हौस वाढत चालली आहे, आणि देवळाच्या ओट्यावर बसणारी वडीलधारी मंडळी त्यावर दोन प्रकारे बोलतात. कोणी म्हणतात, हे खुळ आहे. कोणी म्हणतात, बरे झाले, मुले मातीला पाय तरी लावतील. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु खरा प्रश्न या दोहोंच्या पलीकडे आहे, आणि तो धर्माचा आहे.

निर्ण्याहून दक्षिणेकडे निघाले की बीदर जिल्ह्याची हद्द ओलांडून आपण कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात शिरतो. सपाट, काळ्या जमिनीची सवय झालेल्या डोळ्यांना तेथील डोंगर आणि झाडी पाहून नवल वाटते. या झाडीच्या मधोमध चंद्रमपल्लीचा जलाशय पसरलेला आहे. सभोवतीच्या सुमारे 135 चौरस किलोमीटर वनास 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. चंदन आणि रक्तचंदन येथे वाढते. लांडगा, तरस, कोल्हा, काळवीट यांचा येथे वास आहे. तलावाच्या काठाने पायवाटेने चालावे, टेकडी चढावी, संध्याकाळी पाण्यावरचा रंग पालटताना पाहावा, याहून निर्दोष असा विरंगुळा क्वचितच असेल. बाप मुलाला दिव्याविना आकाश दाखवितो; आई, मुलगी, सासू, सून एकाच सतरंजीवर निजतात; घरात चार खोल्यांत विभागलेले कुटुंब एका रात्रीपुरते का होईना, एकत्र येते. या आनंदाला दोष देणारा मनुष्य अरसिक म्हटला पाहिजे.

तथापि, या आनंदास आपण जेव्हा ‘साधेपणा’ असे नाव देतो, तेव्हा थोडे थांबून विचार करावा लागतो.

गाळपाच्या हंगामात ऊसपट्ट्यातून जाताना रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या दिसतात. ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे त्यांत महिनोन् महिने राहतात. चूल तीन दगडांचीच असते, अंथरूण जमिनीवरच असते, डोक्यावर आकाशही तेच असते. ज्या वनात आपण हौसेने जातो, त्याच्या कुशीत लंबाणी समाजाचे तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सारा देश तुडवीत असत. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तो व्यापार बुडाला, आणि तांडा जेथे थांबला तेथेच राहिला. आज अभयारण्याच्या नियमांमुळे सरपण, चराई आणि शेती या प्रत्येक गोष्टीपुढे त्या लोकांस प्रश्नचिन्ह दिसते. एकाच्या दृष्टीने जी सहल, ती दुसऱ्याची रोजची राहणी. एकाला दोन दिवसांनी घरी परतता येते. दुसऱ्याचे घर तेच.

आपल्या धर्मात या भेदासाठी दोन नेमके शब्द आहेत. एकादशीला आपण उपवास करतो. पण घरात दाणा नाही म्हणून जो उपाशी राहतो, त्याच्या स्थितीला आपण उपवास म्हणत नाही, उपासमार म्हणतो. पोट दोघांचेही रिकामेच. परंतु पहिल्याच्या मागे संकल्प आहे आणि द्वादशीचे पारणे निश्चित आहे. दुसऱ्याला पारण्याचा भरवसा नाही. म्हणून उपवास करणाऱ्याने आपण भूक जाणली असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. तद्वतच, तंबूत एक रात्र काढून आपण साधे जीवन जगलो असे म्हणणेही.

मग स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टांना काहीच मोल नाही काय? याचे उत्तर रामकथेत आहे. वनवासाची आज्ञा एकट्या श्रीरामांना झाली होती. कैकेयीच्या वरात सीतेचे नाव नव्हते, लक्ष्मणाचेही नव्हते. श्रीरामांनी तर सीतेला वनातील काटे, श्वापदे आणि उपवास यांचे वर्णन करून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तरीही ती निघाली. आणि भरत? त्याला तर वनात जावयाचेही नव्हते. राज्य हाताशी असता तो नंदिग्रामी राहिला, पादुका सिंहासनावर ठेवून स्वतः जटा-वल्कले धारण केली आणि चौदा वर्षे व्रतस्थ जीवन कंठिले. सीतेचा व भरताचा वनवास सर्वस्वी ऐच्छिक होता. त्याला मोल आले ते कष्टांमुळे नव्हे. ज्याला निवड नव्हती त्याच्या दुःखाशी त्यांनी आपले सुख बांधून घेतले, म्हणून आले. भरताने हौसेखातर कुटी बांधली असती, तर तिचे स्मरण कोणी ठेवले नसते.

यावर कोणी म्हणेल, मग सहलीला जाणे पाप ठरले! तसे मुळीच नाही. आनंदाला दुःखाची शिक्षा देणे हा धर्म नव्हे. आपल्याच भूमीत याचा सुंदर दाखला आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यातील गावे ओस पडतात. सारी कुटुंबे शेतात जातात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पांडवांची पूजा मांडतात आणि मग भज्जी, आंबील, उंडे यांची पंगत बसते. ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला आग्रहाने बोलावतात. बांधावरून जाणारा वाटसरूही उपाशी पुढे जात नाही. वनवास भोगलेल्या पांडवांना कोपीत बसवून, त्यांच्यासमोर, आणि बिनशेताच्या माणसाला शेजारी घेऊन जेवावयाचे, यात आपल्या पूर्वजांनी केवढा अर्थ साठविला आहे! आनंद पुरेपूर आहे, पण तो एकट्याचा नाही.

तलावकाठच्या सहलीलाही हाच नियम लावून पाहावा. वनखात्याची परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या जागीच राहावे. माघ-फाल्गुनात वाळलेल्या रानात एक ठिणगीही अनर्थ करते, हे ध्यानी धरून विस्तव जपावा. मोठ्या आवाजाची गाणी लावू नयेत. ते श्वापदांचे घर आहे आणि आपण तेथे पाहुणे आहोत. पाण्यात साबण नको, काठावर कागद-पिशव्या नकोत. एवढे तर कोणताही सभ्य मनुष्य करील. त्यापुढचे पाऊल टाकणे हे श्रद्धावान कुटुंबाचे काम आहे. मुलांना वाटेवरच्या तांड्याविषयी, कोप्यांविषयी सांगावे. तेथल्या माणसांकडे तमाशा म्हणून पाहू देऊ नये, ‘मामा’, ‘मावशी’ म्हणून आदराने बोलावयास शिकवावे. रात्री थंडी वाजली, पाठ दुखली, तर सकाळी मुलांना एकच प्रश्न विचारावा : असे शंभर रात्री झाले तर? त्या प्रश्नाने मुलाच्या मनात जे उमटेल, ते दहा प्रवचनांनी उमटणार नाही.

आणि घरी परतल्यावर त्या उत्तराला हातपाय फुटले पाहिजेत. आपल्या गावाच्या शिवेवर कोप्या पडतात तेव्हा त्यांतील बायकांना पाण्यासाठी किती लांब जावे लागते? त्यांची मुले त्या महिन्यांत कोणत्या शाळेत बसतात? सहलीस जेवढा खर्च केला, त्याचा काही अंश यासाठी बाजूला काढणे कोणत्याही सभासद-कुटुंबाला जड नाही. हे दान समजून करू नये. वेळ अमावास्येला शेजाऱ्यास पंगतीला बोलावतो, त्याच भावनेने करावे.

यंदाही कित्येक कुटुंबे तलावाकडे निघतील. त्यांनी अवश्य जावे, पोटभर आनंद घ्यावा, आणि परतताना ज्यांना परतावयास दुसरे घर नाही त्यांची आठवण सोबत आणावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.