आपला वुजू, शेजारणीचा आड



काही वर्षांपूर्वी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. आमच्या मशिदीचा हौद कोरडा पडला होता आणि टँकरचे पाणी पुरत नव्हते. जमातीतील एका भावाने आपल्या मरहूम आईच्या ईसाल-ए-सवाबसाठी बोअरचा खर्च उचलला. त्या जुम्याला मी सअद बिन उबादा (रजि.) यांची हदीस सांगितली. आईच्या वतीने कोणते दान श्रेष्ठ ठरेल, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले असता पाण्याचे दान श्रेष्ठ असल्याचे उत्तर मिळाले आणि त्यांनी विहीर खोदली. दोनशे फुटांच्या पुढे आमच्या बोअरला पाणी लागले. मुलांना पेढे वाटले, दुआ झाली.

तीन आठवड्यांनी मशिदीच्या मागच्या गल्लीतील एक वृद्ध आजी दाराशी आल्या. त्यांच्या अंगणात सासऱ्यांच्या काळचा आड आहे. त्या म्हणाल्या, “मौलाना, तुमच्या बोअरला पाणी लागलं, चांगलं झालं. माझ्या आडाचा मात्र तळ दिसाय लागला.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. त्या रात्री तरावीहसाठी वुजू करताना नळाखाली धरलेला माझा हात क्षणभर थबकला. हे पाणी नेमके कोणाचे?

मी मदरशात पाण्याचे मसाइल शिकलो आहे. कोणत्या पाण्याने वुजू होतो, विहिरीत काय पडले तर ती नापाक होते, हे सारे पाठ आहे. मात्र ते पाणी आपल्या पायाखाली कोठून येते, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. आपल्या मराठवाड्याच्या भूमीखाली काळा पाषाण आहे. पुष्कळांना वाटते तसा खाली पाण्याचा अथांग साठा नसतो. पावसाचे पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत व सांध्यांत मुरते, आणि तेवढेच आपल्या वाट्याला येते. त्याच भेगांतून शेजारचा आड भरतो आणि त्याच भेगा खोल बोअरच्या मोटारीने रिकाम्या होतात. पाणी नवे निर्माण होत नाही. ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

सूरह अल्-मुअ्मिनूनच्या अठराव्या आयतीत अल्लाह सांगतो की त्याने आकाशातून पाणी एका ठराविक मापाने उतरवले, ते जमिनीत ठेवले, आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. तीन गोष्टींचा येथे बोध होतो. पाण्याला माप आहे, जमीन ही त्याची ठेव ठेवण्याची जागा आहे, आणि ठेव परत जाऊ शकते. सूरह अल्-मुल्कच्या अखेरीस तर प्रश्नच विचारला आहे की तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देणार? ही आयत मी शेकडो वेळा पढलो आहे. तिचा अर्थ मला आजींच्या आडाच्या काठावर उभे राहिल्यावर उमगला.

आपल्या फिक्हमध्ये ‘हरीम’ नावाची एक संज्ञा आहे. पडीक जमिनीत कोणी विहीर खोदली तर तिच्याभोवतीचा ठराविक परिसर, सामान्यतः चाळीस हात, त्या विहिरीचा हरीम मानला जातो. तेथे दुसऱ्याला विहीर खोदण्यापासून रोखले जाते. गावातील मालकीच्या जागेला हा नियम जसाच्या तसा लागू होतो, असे मी म्हणत नाही. तो निर्णय मुफ्तींचा आहे. परंतु त्यामागील जाण स्पष्ट आहे. विहीर म्हणजे केवळ खड्डा नव्हे. तिच्या भोवतालची जमीनही तिच्या पाण्याचा भाग असते. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेही पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर खोदण्यास मनाई केली होती. जी गोष्ट फुकहांनी शतकांपूर्वी ओळखली होती, ती मी परीक्षेसाठी पाठ केली आणि स्वतःच्या गल्लीत ओळखली नाही.

आमच्या बैठकीत काही जण म्हणाले, “आपल्या जागेत आपला बोअर, यात गैर काय?” तेव्हा मी त्यांना दोन हदीसांचे स्मरण करून दिले. एकीत इतरांना हानी पोहोचवण्यास मनाई केली आहे. दुसरीत ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानाविषयीच प्रेषितांनी (स.) शपथपूर्वक शंका व्यक्त केली आहे. या शेजाऱ्याचा धर्म कोणता, ही अट तेथे नाही. मशीद अल्लाहचे घर आहे, म्हणून तिच्या शेजाऱ्याचा हक्क कमी होत नाही. उलट तो वाढतो.

अखेर सर्वांनी मिळून ठरवले. मोटार सकाळी एक तास आणि सायंकाळी एक तासच चालेल. मशिदीच्या भिंतीबाहेर गल्लीसाठी एक नळ काढला. पावसाळ्यापूर्वी छताचे पाणी पन्हळीने उतरवून, वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळ मुरवण्याची सोय केली. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरचे छत आणि सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तर साठ हजार लिटर होतात. त्यातील काही वाया जाईल, तरी पूर्वी सारेच गटारात जात होते. वुजूचे वापरलेले पाणी पाक असते, मात्र त्याने पुन्हा वुजू होत नाही. ते वेगळे काढून आता झाडांना दिले जाते. पुढच्या उन्हाळ्यात आजींच्या आडात पाणी टिकले. पूर्वीइतके नव्हे, पण घागर बुडेल इतके.

यातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. पाण्याचे शिक्षण हे तहारतच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि ते मक्तबमध्ये व घरात द्यावयाचे आहे. आमच्या मक्तबच्या मुलांनी नळ सोडून वुजू केला आणि खाली बादली ठेवून पाणी मोजले. नंतर तोच वुजू एका तांब्याने केला. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण लिटरभर किंवा त्याहूनही कमी पाण्यात वुजू करीत, हे मुलांनी ऐकले होते, त्या दिवशी पाहिले. आता दर महिन्याला ही मुले गाठी मारलेली दोरी आडात सोडतात आणि पाणी किती गाठी खाली आहे ते वहीत लिहितात. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या गल्लीचे पाणी कळते, हे मला मोठे इल्म वाटते.

पाणी राखणे म्हणजे ते स्वच्छ राखणेही आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास हदीसमध्ये मनाई आहे आणि पाणवठ्यावर घाण करणे हे लोकांचे शाप ओढवून घेणारे कृत्य म्हटले आहे. मग ईदुल-अज्हाला कुर्बानीचे अवशेष ओढ्यात टाकणाऱ्याने स्वतःलाच विचारावे की त्याने इबादत कोठे संपवली. बंधूंनो, हे कटू वाटेल, परंतु हे आपण आपल्यालाच सांगितले पाहिजे.

ज्यांना आई-वडिलांसाठी पाण्याचे दान करावयाचे आहे, त्यांना माझी नम्र विनंती आहे. बोअरची पाटी लावण्यापूर्वी आजूबाजूचे आड व विहिरी पाहा. एखाद्या जुन्या आडाचा गाळ काढणे, छताचे पाणी जमिनीत मुरवणे, हेही पाण्याचेच दान आहे. सअद (रजि.) यांच्या विहिरीने लोकांची तहान भागवली. आपल्या दानाने कोणाची घागर रिकामी होऊ नये.

समूद लोकांना हजरत सालेह (अलै.) यांच्यामार्फत हुकूम झाला होता की पाणी पाळीने वाटून घ्यावे, एक दिवस सांडणीचा आणि एक दिवस त्यांचा. एका मुक्या जनावराची पाळी त्यांना सहन झाली नाही. त्यांचा शेवट कुरआनने आपल्यासमोर ठेवला आहे. आपल्या गावात ‘पाळी’ हा शब्द आजही जिवंत आहे. तो आपल्या आचरणातही जिवंत राहो.

हे अल्लाह, तू जे मापून दिलेस ते वाटून पिण्याची आम्हाला तौफीक दे. आमच्या वुजूच्या पाण्यात कोणाच्या तहानेचा वाटा नसो. आमच्या शेजाऱ्यांचे आड भरलेले ठेव. आमीन.