कृष्णेकाठी आणि सावित्रीकाठी

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली कृष्णा पूर्वेला वाईकडे उतरते, सावित्री पश्चिमेला महाडकडे. वाई आणि महाड, दोन्ही तालुक्याची गावे. पण अन्याय्य रूढी मोडायला आधी शास्त्राची संमती हवी की नको, या प्रश्नाला गेल्या शतकात त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. वाईचे उत्तर विद्वत्तेचे होते. 1916 साली नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी तिथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. विनोबा वेदान्त शिकायला तिथेच आले. लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच घडले आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात शास्त्रार्थ करायला ते गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. तिथल्या धर्मकोशाची मांडणी मला फार मोलाची वाटते. एक विषय घ्यायचा आणि त्यावरची वचने वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत कालक्रमाने लावायची. पाने उलटता उलटता नियम बदलत गेलेला दिसतो, आणि 'हे असेच चालत आले आहे' म्हणणाऱ्याची जागाच उरत नाही.

तरीही पहिला मान महाडला द्यावा लागतो. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यातून 108 घागरी पाणी उपसले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. गुराढोरांनी पाणी प्याल्यावर असा विधी कुणाला कधी सुचला नव्हता. अशा माणसांपुढे अनुकूल वचन ठेवून काय साधणार? त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि ती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

यावर म्हटले जाते की श्रद्धावान समाज शास्त्राच्या वाटेनेच बदलतो, नुसत्या नकाराने तो आणखी आडमुठा होतो. यात तथ्य आहे. सनातनी मनाशी त्याच्याच भाषेत बोलणारे कुणीतरी लागतेच, आणि वाईने ते काम निष्ठेने केले. पण ते काम अन्याय करणाऱ्याच्या मनपरिवर्तनाचे. तहानलेल्या माणसाने त्याच्या निकालाची वाट का पाहावी? दुसरा आक्षेप असा की शास्त्र नाकारले की धर्माचा पायाच जातो. मग महाडच्या परिषदेत समतेची जी मागणी झाली ती कशावर उभी होती? माणसाची प्रतिष्ठा ग्रंथाने दिलेली नसते. ग्रंथ धर्माचा आहे की नाही, हेच तिच्यावरून ठरवायचे.

तळ्यावरून उभा राहिलेला दावा शेवटी मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मार्च 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासूनची असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. इतिहासाने रूढीचा दावा खोडला, म्हणजे धर्मकोशाचीच रीत इथे उपयोगी पडली. पण ती रूढी खरोखरच फार जुनी निघाली असती तर? कायद्याच्या हिशेबी अस्पृश्य कदाचित हरले असते. पाण्यावरचा हक्क मात्र तेवढाच खरा राहिला असता.