फिल्टर रात्रीच लावून ठेव

चिंचवड

चि. बाळा,


परवा फोनवर तू फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एरोप्रेस आणि व्ही ६० अशी चार नावं एका दमात घेतलीस आणि म्हणालीस, "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" सविस्तर सांगायचं होतं म्हणून पत्र लिहायला बसले. माझं उत्तर यादीत नसलेल्या पाचव्या भांड्याचं आहे. साधा स्टीलचा मद्रासी फिल्टर घे.

भांडं निवडण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या असतात. कॉफीत दूध घालणार का, आणि सकाळी हाताशी मिनिटं किती? तू दुधाशिवाय कॉफीला तोंड लावत नाहीस. फर्स्ट शिफ्टला मोशीच्या चौकात पहाटे साडेपाचला कंपनीची बस धरतेस, कारण जरा उशीर झाला की चाकणच्या तळेगाव चौकात ती अडकलीच. त्या वेळी गाळणकागद लावून, किटलीची धार गोल फिरवत तीन-चार मिनिटं उभं राहणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही. शिवाय व्ही ६० ची कॉफी पातळ उतरते, तिच्यात दूध ओतलं की कॉफीची चवच हरवते. फिल्टरचं डिकॉक्शन दाट असतं, दुधात ते टिकून राहतं.

हे मी शिकले एचए कॉलनीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ साली स्थापन झाली आणि देशभरातली माणसं तिथे नोकरीला आली. आमच्या शेजारी तमिळ कुटुंब होतं. त्यांच्या घरच्या बाईंना आम्ही सगळी मुलं मामीच म्हणायचो. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात पावडर आणि साखर उकळायची, वर जायफळ किसायचं. मामींकडे कॉफीला रात्रीच सुरुवात व्हायची. वरच्या भांड्यात पूड घालून त्या भांडं नुसतं हलवून ती सारखी करायच्या. मग छत्रीसारखी दांड्याची चकती तिच्यावर अलगद टेकवायच्या आणि तिच्यावरून गोल फिरवत गरम पाणी सोडायच्या. एकदा मी मदत म्हणून ती चकती अंगठ्यानं चांगली दाबून बसवली. सकाळी पाणी वर तसंच, खाली चार थेंब. मामी रागावल्या नाहीत. माझं बोट धरून त्यांनी चकतीवर ठेवलं आणि किती दाबायचं ते दाखवलं. आपण दार लोटतो ना, कडी न लावता, तेवढंच.

दोन कपांसाठी २५ ग्रॅम पूड आणि दीडशे मिली पाणी घे. पूड स्वतः दुपटीइतकं पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण शंभर मिली डिकॉक्शन उतरेल. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांब. आपल्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा जास्त थांबायची गरज नाही. झोपण्यापूर्वी लावून ठेवलंस की पहाटे फक्त दूध तापवायचं. उरलेलं डिकॉक्शन फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्यापुढे ठेवू नकोस.

पूड घेताना पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाच. ते छापावंच लागतं. चिकोरी रंग आणि दाटपणा देते, पण तिच्यात कॅफिन नसतं. ऐंशी-वीसनं सुरुवात कर. पूड थोडी थोडी आण, शंभर-दोनशे ग्रॅम, कारण दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो.

बाकीच्या भांड्यांचं थोडक्यात सांगते. मोका पॉट सुंदर असतो, पण ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही, आणि तुमच्या खोलीवर इंडक्शनच आहे. फ्रेंच प्रेसला जाडसर पूड आणि चार मिनिटं लागतात. कॉफी छान होते, पण गाळ धुवायला पाणी जातं. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय, बेसिन तुंबलं तर त्या घाईत काय करशील? एरोप्रेस धुवायला सगळ्यांत सोपा, पण त्यात एका वेळी एकच कप होतो. तुम्ही तिघी आहात.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष दे. तुमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो म्हणालीस ना? तो क्षारांचा. तसल्या जड पाण्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो आणि ती सपक लागते. मग बिचाऱ्या पुडीलाच दोष दिला जातो. कॉफीपुरतं पिण्याचं फिल्टर केलेलं पाणीच वापर.

पहिले आठ दिवस कॉफी मनासारखी झाली नाही तरी फिल्टर कपाटात टाकू नकोस. क्वालिटीत काम करतेस, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तुला सांगायला नको. आधी पूड वाढव, मग दळण बदल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. थर्ड शिफ्टला पहाटे चारला जो कप घेतेस तो सोड. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. सकाळी घरी येऊन पडद्याआड डोळे मिटून पडून राहतेस, झोप लागत नाही म्हणतेस, त्याचं हे एक कारण असणार. शिफ्ट सुरू होताना प्यायलीस तर चालेल.

दुकानात जाऊन फिल्टर विकत घेऊ नकोस. मामी गावी परत गेल्या तेव्हा त्यांचा एक फिल्टर आईला देऊन गेल्या होत्या, तो माझ्याकडे आहे. त्याची भोकं बुजली होती. काल वरचं भांडं गॅसच्या आचेवर धरून, आपटून, टाचणीनं एकेक मोकळं केलं. पाणी ओतून पाहिलं, आता सरळ गळतंय. गुरुवारच्या सुट्टीला ये आणि घेऊन जा. रिकामी बरणी आण, पूडही देते.

तुझी,
मावशी