आकाशातले शेजारी आणि माशांची परीक्षा

शब्बाथ संपला की नाही हे पाहण्यासाठी आपण आकाशात तीन तारे शोधतो. कोकणात आमचे आजोबा अंगणात उभे राहून माडांच्या झावळ्यांमधून ते शोधीत. इकडे इस्राएलात आम्ही ते इमारतीच्या गच्चीवरून शोधतो. काही आठवड्यांपूर्वी असेच उभे असता धाकट्या नातवाने हिब्रूतच विचारले, "आजोबा, तिकडूनही कोणी आपल्याकडे बघत असेल का?" हाब्दाला व्हायचा होता, तेव्हा "मागाहून सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रंथांना अगदीच परका नाही. परमेश्वर रात्री अठरा हजार जगांतून संचार करतो, असे तालमुदात एके ठिकाणी म्हटले आहे. शास्ते या पुस्तकात दबोरेच्या गीतात मेरोज आणि तेथील रहिवाशांना शाप आहे. हा मेरोज म्हणजे एक तारा, असे काही विद्वानांचे मत तालमुदाने नोंदविले आहे. पुढे १४१० च्या सुमारास स्पेनमधील रब्बी हासदाई क्रेस्कास यांनी अनेक जगे असणे अशक्य नाही असे प्रतिपादन केले. तेव्हा असा विचार करण्याने श्रद्धेला धक्का बसतो असे कोणी समजू नये. ज्या घरी दुसरे मूल जन्मते त्या घरात पहिल्याची किंमत कमी होत नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम १९९५ साली सापडला. आज सूर्यमालेबाहेरच्या अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. म्हणजे जागा पुष्कळ आहेत. भाडेकरू आहेत की नाहीत, एवढेच ठाऊक नाही. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवून कान लावला. काही ऐकू आले नाही. त्यानंतरही पुष्कळांनी ऐकले, पण खात्रीचा एकही संदेश आजवर मिळालेला नाही. "मग सगळे आहेत तरी कुठे?" हा सवाल थोर शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० साली जेवणाच्या टेबलावर केला होता. तो अजून तसाच उभा आहे.

या शांततेचा अर्थ काय लावावा? काही म्हणतात, कोणी नाहीच. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, विश्व एवढे मोठे आहे की कोणीतरी असणारच. आम्हांस दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. जीवसृष्टीचे एकच उदाहरण आपल्याजवळ आहे, आणि एका शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात एकाच भांड्यातला असेल तर! पृथ्वीवर जीव अब्जावधी वर्षे आहे. त्यातला फार मोठा काळ तो एकपेशीय होता. रेडिओचे संदेश पाठविणारा मनुष्य तर जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा.

तथापि शांततेविषयी बेने इस्राएलांना थोडे अधिक कळावयास हवे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा आपण सारे जाणतो. त्यानंतर शतकानुशतके आपले पूर्वज कोकणात घाणे चालवीत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. दूरच्या यहुद्यांना त्यांची खबर नव्हती, त्यांना दूरच्यांची नव्हती. त्या काळात कोणी म्हटले असते, "एवढी वर्षे निरोप नाही, अर्थी तिकडे कोणी नाही," तर ते केवढे चुकले असते!

आणि दावीद राहबी आले तेव्हा त्यांनी काय केले? परंपरा सांगते की त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, आणि राहबींना ओळख पटली. विश्वात ऐकणारे शास्त्रज्ञही असाच मासा शोधीत आहेत, म्हणजे निसर्ग आपण होऊन करीत नाही अशी एखादी खूण. पण ही परीक्षा परीक्षकाला माहीत असलेलेच ओळखते. जो मासे खातच नाही, त्याची परीक्षा कशी घ्यावी? आपल्यासारखी बुद्धी नाही, म्हणून बुद्धीच नाही असे ठरविणारे आपण कोण?

येथेच आम्हांस खरा नैतिक प्रश्न दिसतो. सापडण्यापेक्षा स्वीकारणे कठीण असते. या देशात आल्यावर आपल्यातील कित्येकांना लग्नाच्या वेळी आजीपणजीची चौकशी सोसावी लागली, आणि सर्व बाबतींत आपण इतर यहुद्यांसारखेच आहोत ही ग्वाही मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले. स्वतःच्या भावाबद्दल जर इतका संशय, तर ज्याचे रूप, भाषा, पूर्वज काहीच जुळत नाही अशा पाहुण्याला आपण कोणत्या मापाने मोजणार? ज्याने दुसऱ्याचे माप अंगावर सोसले आहे, त्याने तरी ते माप जपून वापरावे.

१९७७ साली दोन व्हॉयेजर याने अवकाशात गेली. प्रत्येकीवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत पंचावन्न भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यात मराठी आहे आणि हिब्रूही आहे. केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आपल्या घरात ज्या दोन भाषा बोलल्या जातात त्या दोन्ही आज एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेल्या आहेत. त्या ऐकणारे कान तिकडे असतील की नाही, कोणास ठाऊक. पण पाठविणाऱ्यांनी अगोदर पुरावा मागितला नाही, अगोदर सलाम केला. ही रीत आम्हांस आवडली.

पुढच्या शनिवारी आम्ही नातवाला जवळ घेऊन सांगितले, "बाळा, कोणी बघत असेल की नाही, ते आम्हांला माहीत नाही. पण असेल, तर त्याने आपल्याला कसे वागताना पाहावे, हे आपल्या हातात आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग तिसरा तारा त्यालाच आधी दिसला.